मेंढ्या नसलेलं घर

पहाटे सव्वापाच

एप्रिलचा शेवटचा आठवडा. या दिवसांत पुण्यात कुत्रा फिरवायचा तो उजाडायच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधला सगळा वेळ तापलेल्या डांबराचा. हाताचा पालथा पंजा रस्त्यावर सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल, तर कुत्र्यालाही त्यावरून चालवायचं नाही, एवढा साधा हिशेब. आपल्यासारखं अंगभर घामाघूम होणं कुत्र्याला जमत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या आणि तळपायांना सुटेल तेवढ्या घामावर भागवायचं. त्यातून मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीची खोड अशी की काम चालू असताना तो आपणहून थांबत नाही. लॅब्राडोर दमला की रस्त्यातच फतकल मारतो. हा मात्र तुम्ही टाकाल तितक्या वेळा बॉल आणत राहील, पाय लटपटेपर्यंत. थांबवायचं कुणी, तर पट्टा ज्याच्या हातात आहे त्याने.

आमची बिजलीही याच जातीची. ती आधी दुसऱ्या घरी होती. तिथे सोफा फाडून झाला, बाल्कनीतून खालच्या प्रत्येक स्कूटरवर भुंकून झालं, शेवटी एका पाहुण्याच्या पोटरीला दात लागले. मी कुत्र्यांची ट्रेनर, असे फोन मला नेहमीच येतात. पिल्लू असताना घरादाराचं लाडकं, आणि वर्ष-दीड वर्षाचं झालं की, "ताई, एखादं चांगलं फार्महाउस बघा की त्याच्यासाठी. मोकळं रान मिळेल." फार्महाउसवर शनिवार-रविवार सोडून कुणी नसतं. रखवालदार भाकरी टाकतो आणि कुत्रा फाटकाला बांधलेला राहतो. या जातीला रान नको असतं, रानात काम सांगणारा माणूस हवा असतो.

आमच्या फेरीत पळणं थोडंच. कोपरा आला की थांबायचं, माझ्याकडे बघायचं, मग पुढे. मध्ये बराच वेळ नुसतं हुंगणं. ती तिच्या डोक्याची कसरत. दूधवाल्याची स्कूटर लांबून दिसली की बिजलीची मान खांद्याच्या खाली जाते, पुढचा एक पाय अधांतरी राहतो, शेपटी खाली आणि नजर चाकावर खिळलेली. त्या क्षणाला, झेप घ्यायच्या आधी, मी "खाली" म्हणते आणि ती पोटावर बसते. स्कूटर गेल्यावर शाबासकी. झेप घेतल्यावर ओरडून काही होत नाही, तोवर तिच्या कानांचं काम बंद झालेलं असतं.

सात

बाणेरला चौदाव्या मजल्यावर. नवरा-बायको दोघंही आयटीतले, घर टापटीप, कुत्रा दहा महिन्यांचा बॉर्डर कॉली, नाव झिप्पी. दार उघडताच नवरा म्हणाला, "ताई, रोज आठ किलोमीटर पळवतो त्याला. तरी घरी आला की सुरूच."

"आणखी दोन महिन्यांनी बारा किलोमीटरलाही दमणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही त्याला मॅरेथॉनसाठी तयार करताय."

हाडं पुरती भरायच्या आत रोज एवढं पळवणं सांध्यांनाही बरं नाही, ते वेगळंच. खरा प्रश्न हॉलमध्ये दिसला. खिडकीतून ऊन येत होतं, बायको चहा ओतत होती आणि तिच्या घड्याळाचा कवडसा भिंतीवर हलला. झिप्पी सोफ्याच्या पाठीवरून उडी मारून भिंतीला भिडला. कवडसा गेला तरी तो तिथेच उभा, नाक भिंतीला, डोळे वर, अंग ताठ. हाक मारली तर कानसुद्धा हलला नाही. चौकशी केली तेव्हा टीपॉयच्या खणातून लेझर निघाला. संध्याकाळी दमून आलं की सोफ्यावर बसल्या बसल्या त्याला पळवायला सोयीचा पडत असणार.

पाठलाग हे या जातीचं व्यसन आहे. बॉलचा पाठलाग केला तर निदान बॉल तोंडात येतो. उजेड कधीच हाती लागत नाही, म्हणून शोध संपत नाही आणि मग सावल्या, पंख्याची पाती, डब्याच्या झाकणाची चकाकी, सगळंच शिकार होऊन बसतं. लेझर मी माझ्या पिशवीत टाकला. खिडक्यांना जाड पडदे सांगितले, डॉक्टरांना दाखवून घ्या म्हटलं, कारण हे वेड फार पुढे गेलं तर औषधाचीही गरज लागते.

मग चटई अंथरली. साधी, योगासनांची. झिप्पीचा पाय चटईला लागला की खाऊचा दाणा. बसला की दाणा. आडवा झाला की दाणा. आडवा होऊन एका कुल्ल्यावर कलंडला, हनुवटी टेकली, तेव्हा बोलले काहीच नाही, नुसते तीन-चार दाणे त्याच्या नाकापुढे ठेवत गेले. दोघंही उभं राहून बघत होती. "हे काय शिकवलंत?" बायकोने विचारलं. काही न करणं. स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरचा मेंढपाळही दिवसभर कुत्र्याला पळवत नाही. मेंढ्या चरत असताना कुत्रा बांधाशी पडून राहतो. इथे आपण पळवण्याचा भाग तेवढा उचलला आणि पडून राहणं शिकवायचंच विसरलो. आठ किलोमीटरचे तीन करा, उरलेल्या वेळात रोज दोनदा ही चटई, आणि जेवण वाटीत न देता घरभर लपवून द्या, असं लिहून देऊन निघाले.

साडेनऊ

टपरीवर चहा आणि कांदेपोहे. टपरीखालचा गावठी कुत्रा आशेने बघत होता, पण कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, त्यामुळे त्याला बिस्किटावर समाधान मानावं लागलं. सत्यनारायणाच्या प्रसादाचंही तेच. शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासारखे, आणि हे सांगितलं की आजीबाई रागावतात.

दहा

दवाखान्यात एका मोठ्या केसांच्या कॉलीची मालकीणबाई थांबली होती. ही जात वेगळी, पण नात्यातली. कुत्र्याला गोचिड्या झाल्यात आणि शेजाऱ्याने गाईगुरांना टोचतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सुचवलंय, स्वस्तात काम होतं म्हणे. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

हे मेंढपाळ कुत्र्यांच्या घरात प्रत्येकाला माहीत हवं. औषधं मेंदूत शिरू नयेत म्हणून शरीरात पहारा असतो. तो पहारा तयार करणाऱ्या एमडीआर-१ या जनुकात कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डसारख्या जातींत दोष बराच आढळतो. बॉर्डर कॉलीत तो कमी, पण असतो. दोष असलेल्या कुत्र्याला गुरांच्या मात्रेतलं आयव्हरमेक्टिन गेलं की तो झोकांड्या खातो, दिसेनासं होतं, बेशुद्ध पडतो, दगावतोही. जुलाबावर आपण घेतो ती लोपेरामाइडची गोळीसुद्धा त्याला धोक्याची. गालाच्या आतून बोळा फिरवून डीएनए तपासता येतो. तेवढं झालेलं नसेल, तर डॉक्टरला जात सांगायची आणि औषधाच्या दुकानदाराचं ऐकायचं नाही.

गोचिड्यांकडे काणाडोळा करूनही चालत नाही. त्यांच्यातून एर्लिकिया आणि बाबेसिया हे ताप येतात, प्लेटलेट्स घसरतात, आणि दणकट कुत्रा दोन दिवसांत जेवण सोडतो. त्यामुळे कॉलीला चालणारं गोचिडीचं औषध डॉक्टरांकडून वेळच्या वेळी, आणि रोज रात्री कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली हात फिरवून बघणं.

बाई जाता जाता म्हणाल्या, "उन्हाळा आहे, केस अगदी बारीक करून टाकते." नको. या कुत्र्यांना केसांचे दोन थर असतात. आतला मऊ थर विंचरून मोकळा केला की हवा खेळते. सरसकट मशीन मारलं की कातडीवर थेट ऊन लागतं, आणि पुन्हा येणारे केस धड येतीलच असं नाही.

दुपार

बारा ते चार बिजली झोपते आणि मी कागदपत्रं उरकते. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो, पिल्लू त्याहून बरंच जास्त. "आमचं पिल्लू संध्याकाळी वेड्यासारखं चावतं," अशी तक्रार आली की आधी झोपेचा हिशेब विचारावा. दहापैकी निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उठल्यावर तिला रबरी खेळण्यात भरून गोठवलेला दहीभात. ते चाटून काढण्यात तिचा बराच वेळ जातो आणि माझे फोन होतात.

फोनवर हमखास कुणीतरी चेझरचा दाखला देतं. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातली ही बॉर्डर कॉली, १,०२२ खेळण्यांची नावं शिकली, त्याचा शोधनिबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. आकडा सगळ्यांना पाठ. तिला शिकवणारे जॉन पिली हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते, आणि तीन वर्षं रोज चार-पाच तास ते तिला शिकवत होते, हे मात्र कुणी सांगत नाही. हुशार कुत्रा म्हणजे कमी मेहनत, असा समज का आहे देव जाणे. हुशार कुत्रा तुमची दाराची कडी बघून शिकतो. तुमच्या बुटांचा आवाज, चावीचा आवाज, तुम्ही कंटाळलात की किती वेळाने उठता, सगळं शिकतो. शिकवायला तुम्ही नसलात तर अभ्यासक्रम तो स्वतः ठरवतो.

ही हुशारी आली कुठून, तेही सांगावं लागतं. वेल्समधल्या बाला गावी १८७३ साली मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा भरली, तिथून ब्रिटनमध्ये या स्पर्धांची रीत पडली. पुढे १८९३ मध्ये नॉर्थंबरलंडच्या अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे हेम्प नावाचा नर जन्मला. भुंकणं नाही, चावणं नाही, नुसती नजर रोखून मेंढ्या हलवायचा. त्याची पिल्लं सगळ्यांना हवी झाली आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक बॉर्डर कॉलीची वंशावळ त्याच्यापाशी जाते. १९०६ मध्ये मेंढपाळांनी स्वतःची आंतरराष्ट्रीय संस्था काढली. रंग, कान, उंची याला तिथे फारशी किंमत नव्हती, काम चांगलं तो कुत्रा चांगला. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं माणसाने निवडून निवडून असा प्राणी घडवला ज्याला रिकामं बसवतच नाही. आणि आता आपण तो टू-बीएचकेमध्ये आणून विचारतो, हा शांत का बसत नाही.

चार

ऊन अजून उतरलेलं नव्हतं, पण कोथरूडच्या एका काका-काकूंबरोबर पिल्लू बघायला जायचं होतं. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. हट्ट त्याचा, पैसे काकांचे.

शहराबाहेर पत्र्याची शेड. पिल्लं सुंदरच असतात, त्यात काही प्रश्न नसतो, म्हणून पिल्लाकडे मी सगळ्यात शेवटी बघते. आधी आई. "आई कुठाय?" विचारलं तर, "गावाला पाठवली." बाप? "फोटो आहे." आई लाजरी आहे, भित्री आहे, की अनोळखी माणसाच्या हाताला हुंगून शेपटी हलवते, यावरून पिल्लाचा निम्मा स्वभाव कळतो. ती दाखवत नसतील तर तिथून निघावं, एवढ्यावरच. पण काका पोचून पाच मिनिटंही झाली नव्हती, मुलाने पिल्लू उचललंही होतं, म्हणून पुढचं विचारत गेले.

वय? "दोन महिने पूर्ण." मी पिल्लाचं तोंड उघडलं. आठ आठवड्यांत दुधाचे सगळे दात आलेले असतात. इथे मागच्या हिरड्या मोकळ्याच होत्या. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते. नोंदणीचा कागद मागितला तर केनेल क्लबचा कागद पुढे आला. तो वंशावळीचा. आईबापांच्या खुब्यांचा एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, यातलं काही त्यात नसतं.

कोपऱ्यात राखाडी-निळ्या ठिपक्यांचं एक पिल्लू होतं. मर्ल म्हणतात त्या रंगाला. "याला भाव जास्त," विक्रेता म्हणाला. "आईबाप दोघंही याच रंगाचे." त्याला ते भूषण वाटत होतं. मर्लला मर्ल लावला की सरासरी चारातलं एक पिल्लू दोन्हीकडून तो जनुक घेऊन येतं, आणि अशी पिल्लं अनेकदा बहिरी किंवा आंधळी निघतात. मी किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाकला. तीन पिल्लं दचकली, त्यातली दोन लगेच हुंगायला पुढे आली. ही चांगली खूण, दचकणं चालतं, सावरता आलं पाहिजे. चौथं, पांढरं जास्त असलेलं, झोपलेलंच राहिलं. काकूंनी ते पाहिलं आणि बोलल्या काहीच नाहीत.

गाडीत बसल्यावर मी काकांना विचारलं, "मुलगा पुढे काय करणार?"

"एमएसला जर्मनीला. दोन वर्षांनी."

"कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो. म्हणजे कुत्रा तुमचा. तुम्हाला कसा हवा?"

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खरं सांगू? मी पेपर वाचत असताना पायाशी बसणारा."

मुलगा फुरंगटला. त्याला चुकीचं काही वाटत नव्हतं आणि तो चुकीचा नव्हताही, फक्त कुत्रा सांभाळायला तो घरी असणार नव्हता. मोठं झालेलं, स्वभाव कळलेलं देशी कुत्रं दत्तक घ्या, असं मी सुचवलं. पुण्याचं हवामान त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं, दुपारी गार फरशीवर पडून राहण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. काका निवृत्त आहेत, सकाळ-संध्याकाळ फिरतात. वेळेचा विचार केला तर बाणेरच्या जोडप्यापेक्षा बॉर्डर कॉली त्यांनाच परवडला असता. पण वेळ असणं आणि तो वेळ कुत्र्याला द्यावासा वाटणं वेगळं.

साडेसहा

बावधनच्या सोसायटीत तक्रार होती. चार वर्षांची ऑस्ट्रेलियन शेफर्ड, पोरं सायकलवर फिरू लागली की त्यांना गोल घालून एका कोपऱ्यात आणते आणि जो फुटेल त्याच्या टाचेला चिमटा काढते. रक्त आलेलं नाही, पण आया घाबरल्यात आणि ते साहजिक आहे.

शिकारीची साखळी असते, बघणं, दबा धरणं, पाठलाग, चावा, मारणं. मेंढपाळ कुत्र्यात माणसाने पहिल्या कड्या घट्ट केल्या आणि शेवटच्या ढिल्या. म्हणून हिने मारायचं नाही, पण फुटणारं पोर गोटात परत आणायचं, हे तिच्या रक्तात. रागावून ते जाणार नाही. पोरं खेळतात त्या वेळी ती मोकळी नकोच, पट्ट्यात हवी. आणि पाठलागाला दुसरं काहीतरी द्यायचं. जिममधला मोठा चेंडू आणला होता. नाकाने ढकलत तो दोन कुंड्यांच्या मधून नेला की बक्षीस. जर्मनीत सुरू झालेला हा खेळ, मेंढ्या नसलेल्यांसाठीच. पहिल्यांदा तिने टाचेला काढते तसा चेंडूला चिमटा काढला. तो हलला नाही. मग भुंकली. मग नाक लावलं आणि चेंडू गडगडला, तेव्हा तिचे दोन्ही कान एकदम उभे राहिले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनाही धडा दिला: ती जवळ आली तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी.

बाकावर बसलेले एक आजोबा सगळं बघत होते. माण तालुक्यातले. म्हणाले, "आमच्याकडं धनगरांची कुत्री असतात की. त्यांना कुठं ट्रेनर लागतो?"

लागत नाही, कारण त्यांचं काम वेगळं. आपल्याकडे मेंढरं हाकतो धनगर स्वतः, शीळ घालून, काठीने, पुढे चालून. कुत्रा राखणीला. दिवसा कळपाबरोबर सावलीत पडायचं आणि रात्री मेंढरं जाळीत कोंडली की लांडग्या-चोरांवर जागायचं. बॉर्डर कॉली मेंढ्यांना हलवतो, धनगराचा कुत्रा हलवत नाही, हलू देत नाही. दिवाळीनंतर कळप कोकणाकडे निघतात तेव्हा काही हौशी मंडळी आपला कुत्रा "जरा मेंढ्या दाखवायला" घेऊन जातात. मेंढ्यांना अशा कुत्र्याची सवय नाही, त्यात गाभण असतात, उधळल्या की रस्त्यावर येतात. राखणीचे कुत्रे परक्याला फाडतील ते वेगळंच. आजोबा म्हणाले, "धनगर बी काठी काढंल." काढलीच पाहिजे.

साडेनऊ

बिजलीच्या गोचिड्या बघून झाल्या, वाटी धुतली आणि फोन वाजला. आवाज तरुण, हिंजवडीत नोकरी, एकटाच राहतो. एका रीलमध्ये बॉर्डर कॉली कपडे मशीनमध्ये टाकताना पाहिला. कुठे मिळेल?

मी नेहमीचं विचारलं. घरातून किती वाजता निघतोस, किती वाजता येतोस, मध्ये घरी कोण. आठला निघतो, आठला येतो, कुणी नाही. दुपारी फिरवायला माणूस ठेवशील? "ठेवीन ना." त्याचा महिन्याचा खर्च, डॉक्टर, खाणं, गावी गेल्यावर कुत्र्याची सोय, हे सगळं धरलंस? तिकडे थोडी शांतता. मग, "ताई, मी सकाळी लवकर उठेन. खरंच."

पोरगं प्रामाणिक वाटलं, म्हणून एकदम नाही म्हटलं नाही. पावसाळाभर कुत्र्याशिवाय कर, असं सांगितलं. रोज पहाटे सव्वापाचला उठून अर्धा तास चाल, रात्री आल्यावर जेवायच्या आधी पुन्हा. शनिवार-रविवारी माझ्याबरोबर ये, दुसऱ्यांच्या कुत्र्यांना चटई शिकव. गणपतीनंतर फोन कर, मग बोलू.

"पावसातही चालायचं?"

"पावसात आल्यावर पुसायला पंधरा मिनिटं जास्त लागतात. केस दुहेरी असतात, आत ओल राहिली की कातडी सडते. तेवढा वेळ आत्तापासूनच धर."